तापाच्या गोळीची कुळकथा

शहरांतल्या कोणत्याहि सुशिक्षित घरांत औषधांचा म्हणून एक डबा असतो, आणि त्या डब्यांत दुसरें कांहीं नसलें तरी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचें एखादें पाकीट असतेंच. कोणी तिला क्रोसिन म्हणतात, कोणी कॅल्पॉल, कोणी डोलो. अमेरिकेंत तर तिचें शास्त्रीय नांवहि निराळें, ॲसिटॅमिनोफेन. मुलाचें कपाळ गरम लागलें, डोकें ठणकूं लागलें, अंग मोडून आलें, कीं डब्याकडे हात जातो. डॉक्टरांना विचारावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ‘साधी तापाची गोळी’ हें तिचें घरगुती वर्णन. या साधेपणावर सर्वांचा इतका विश्वास बसला आहे, कीं हें द्रव्य प्रथम तयार झाल्यापासूनचा जवळजवळ निम्मा काळ वैद्यकानें त्याला विषारी समजून दूर ठेवलें होतें, असें सांगितलें तर तें खरें वाटणार नाहीं. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, कीं ज्या दोषासाठीं त्याला दूर ठेवलें तो दोष त्याचा नव्हताच. आणि जो दोष खरोखर त्याच्या अंगीं होता, तो औषध बाजारांत येऊन दहा-अकरा वर्षें उलटेपर्यंत कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

या गोळीचें कूळ शोधीत मागें गेलें तर तें एका अगदीं ओळखीच्या वस्तूपाशीं जाऊन पोंचतें. ती वस्तु म्हणजे नीळ. संस्कृतांतला ‘नील’ शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेस गेला. तेथें अरबी उपपद चिकटून त्याचें ‘अन्-नील’ झालें, पोर्तुगीजांनीं त्याचें ‘अनिल’ केलें. १८४० सालीं फ्रिट्शे नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें निळीचें दाहक पोटॅशबरोबर ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव्य काढलें, आणि मुळाला स्मरून त्याला ‘ॲनिलिन’ असें नांव दिलें. तेंच द्रव्य दगडी कोळशाच्या डांबरांतूनहि निघतें हें लौकरच सिद्ध झालें. पुढें १८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ॲनिलिनपासून क्विनीन बनविण्याच्या खटपटींत असतां त्याच्या हातीं जांभळा रंग लागला. तापाचें औषध करावयास गेला आणि रंग झाला! या रंगानें युरोपांत, विशेषतः जर्मनींत, कृत्रिम रंगांचे प्रचंड कारखाने उभे केले. याच कारखान्यांपैकीं एकानें १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आणून हिंदुस्थानांतील निळीची शेती बसविली, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. पर्किनच्या गोष्टीचें उलट टोंक तीस वर्षांनीं घडून आलें : रंगाच्या कारखान्यांतून तापाचें औषध निघालें.

१८८६ सालची ही हकीकत आहे. स्ट्रासबुर्ग हें शहर तेव्हां जर्मन साम्राज्यांत होतें. तेथें कुसमाउल या ख्यातनाम वैद्याच्या हाताखालीं आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर काम करीत होते. जंतांनीं त्रासलेल्या एका रोग्याला नॅफ्थॅलीन देऊन पाहावें असें त्यांनीं ठरविलें. कपड्यांच्या पेटींत कसर लागूं नये म्हणून ज्या डांबराच्या गोळ्या ठेवतात, त्यांतलेंच हें द्रव्य. पोटांतल्या कृमींवर त्याचा प्रयोग त्या काळीं होत असे. औषध दिलें, पण जंतांवर त्याचा परिणाम कांहीं दिसेना. रोग्याच्या अंगांत ताप होता, तो मात्र झरझर उतरला. नॅफ्थॅलीननें ताप उतरल्याचें कोणी ऐकलें नव्हतें. चौकशी केली तेव्हां उघड झालें, कीं औषधशाळेंतून बाटलीच चुकीची आली होती. रोग्याच्या पोटांत गेलें तें नॅफ्थॅलीन नव्हे, तर ॲसिटॅनिलाइड होतें. म्हणजे ॲनिलिनपासून केलेलें, रंगांच्या धंद्यांत परिचित असलेलें एक द्रव्य. बाटली चुकल्यामुळें रोगी दगावल्याच्या कथा जगांत पुष्कळ आहेत. बाटली चुकल्यामुळें नवें औषध हातीं आल्याची ही कथा विरळा म्हटली पाहिजे.

काले नांवाच्या कारखान्यानें तें द्रव्य ‘अँटिफेब्रिन’ या नांवानें विकावयास काढलें. द्रव्य जुनेंच, कोणालाहि स्वस्तांत बनवितां येण्याजोगें. नांव तेवढें नवें. परंतु डॉक्टरांच्या तोंडीं तें नांव बसलें, चिठ्ठीवर तेंच लिहिलें जाऊं लागलें, आणि द्रव्यापेक्षां नांवाला अधिक किंमत येऊं लागली. औषधांच्या बाजारांतील ही युक्ति तेव्हांपासून आजपर्यंत चालूच आहे.

अँटिफेब्रिननें ताप उतरे, डोकेंहि थांबे. पण कांहीं रोग्यांचे ओठ काळेनिळे पडत, नखें निळीं होत. रक्ताच्या तांबड्या द्रव्यांत जें लोह असतें, त्याचें स्वरूप बदलून तें प्राणवायु वाहून नेण्यास निकामी होई. अशा बिघडलेल्या रक्तद्रव्याला मेथेमोग्लोबिन म्हणतात. ज्याच्या नांवांतच नीळ दडलेली, त्या औषधानें माणसें निळीं पडावीं हा योगायोग शब्दांचा असला, तरी रोग्यांच्या दृष्टीनें तो गमतीचा नव्हता. त्याहून सौम्य द्रव्याचा शोध लगेच सुरू झाला. एल्बरफेल्ड येथील बायरच्या कारखान्यांत रंग तयार करतांना निघालेला पॅरा-नायट्रोफिनॉल नांवाचा टाकाऊ माल टनांवारी पडून होता. त्याचें कांहीं करतां येईल काय, हा कार्ल ड्युसबर्ग या तरुण रसायनशास्त्रज्ञापुढचा प्रश्न व्यापारी होता. उत्तर मात्र वैद्यकीय निघालें. ओस्कार हिन्सबर्गनें त्या मालापासून फेनासिटिन तयार केलें, आणि १८८८ सालीं तें बाजारांत आलें. बायरचें नांव ज्या ॲस्पिरीनमुळें सर्वतोमुखीं झालें, तें याच्या नंतर अकरा वर्षांनीं, १८९९ सालीं आलें.

या सर्व गडबडींत पॅरासिटामॉल कोठें होतें? तें जन्मास येऊन कधींच चुकलें होतें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत हार्मन मोर्स यानें १८७८ सालीं तें तयार केलें होतें. पण औषध म्हणून त्याकडे कोणी पाहिलें नव्हतें. १८९३ सालीं योझेफ फोन मेरिंग या जर्मन वैद्यानें तें रोग्यांना देऊन पाहिलें. ताप उतरतो, वेदना थांबतात, हें त्याला दिसलें. परंतु रक्तांत तें मेथेमोग्लोबिन करतें, आणि फेनासिटिनपेक्षां त्या बाबतींत वाईट आहे, असाहि त्यानें निष्कर्ष काढला. त्याच्या हातीं आलेल्या नमुन्यांत दुसऱ्या एखाद्या द्रव्याची भेसळ असावी, असा आज तर्क केला जातो. तें कांहींहि असो, मेरिंगसारख्या अधिकारी पुरुषाचा शब्द पडला आणि पॅरासिटामॉल अडगळींत गेलें. फेनासिटिनच्या मात्र पुड्या आणि गोळ्या जगभर खपूं लागल्या. ॲस्पिरीन, फेनासिटिन आणि कॅफीन यांचें मिश्रण तर ‘एपीसी’ या तीन अक्षरांनीं दवाखान्यादवाखान्यांतून ओळखलें जाऊं लागलें.

अधिकारी पुरुषानें एकदां दिलेला निकाल तपासून पाहण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक १८८९ सालींच मोर्नर या शास्त्रज्ञाला ॲसिटॅनिलाइड घेतलेल्या माणसाच्या मूत्रांत पॅरासिटामॉल सांपडलें होतें. म्हणजे शरीर आपण होऊन एकाचें दुसरें करीत होतें. या निरीक्षणाचा अर्थ लागावयास साठ वर्षें जावीं लागलीं.

तो अर्थ लावणाऱ्यांत एक मनुष्य असा होता, कीं ज्याच्या नांवापुढें तेव्हां डॉक्टर ही पदवीहि नव्हती. ज्यूलिअस ॲक्सेलरॉड हा न्यूयॉर्कमधील एका टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा. आईबाप पोलंडमधून आलेले ज्यू. वैद्यकीय महाविद्यालयांनीं त्याला प्रवेश नाकारला. खाद्यपदार्थांतील जीवनसत्त्वें तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेंत त्यानें अकरा वर्षें नोकरी केली. तेथेंच अमोनियाची बाटली फुटून त्याचा एक डोळा अधू झाला. दुसरें महायुद्ध संपल्यावर डोकेदुखीच्या औषधांनीं रक्त कां बिघडतें, हा प्रश्न त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. संशोधनाचा अनुभव नसल्यामुळें १९४६ च्या आरंभीं तो गोल्डवॉटर मेमोरियल इस्पितळांतील बर्नार्ड ब्रोडी याचा सल्ला घेण्यास गेला. ब्रोडीनें युद्धकाळांत हिंवतापावरील औषधांचा अभ्यास केला होता. औषध शरीराचें काय करतें हें सर्वच वैद्य विचारीत. शरीर औषधाचें काय करतें, हा ब्रोडीचा प्रश्न होता.

दोघांनीं मिळून १९४८ सालीं जें प्रसिद्ध केलें तें थोडक्यांत असें. ॲसिटॅनिलाइड पोटांत गेलें, कीं त्याचा लहानसा अंश परत मूळच्या ॲनिलिनकडे वळतो, आणि रक्त बिघडविणारा अपराधी तो. उरलेल्या मोठ्या भागाचें पॅरासिटामॉल बनतें, आणि ताप उतरविणारें, वेदना शमविणारें जें कांहीं आहे तें हेंच. येल विद्यापीठांत लेस्टर आणि ग्रीनबर्ग हे दोघे १९४७ सालींच स्वतंत्रपणें याच वाटेवर येऊन पोंचले होते. फेनासिटिनची गोष्टहि निराळी नव्हती. त्याचाहि बहुतेक अंश शरीरांत पॅरासिटामॉलच होतो. याचा अर्थ असा झाला, कीं गेलीं साठ वर्षें लोक ज्या औषधाला घाबरत होते तेंच खात होते. फक्त त्याच्या बरोबर एक अनावश्यक विषहि खात होते. मग मधल्या दोन द्रव्यांचें काय काम? सरळ पॅरासिटामॉलच द्यावें हें उघड होतें. ॲक्सेलरॉडला डॉक्टरेट १९५५ सालीं मिळाली, आणि १९७० सालीं दुसऱ्याच कामासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें.

१९५५ सालींच अमेरिकेंतील मॅकनील या कंपनीनें मुलांसाठीं टायलेनॉल नांवाचें गोड औषध काढलें. त्याचें खोकें आगीच्या बंबासारखें तांबडें होतें. पुढल्या वर्षीं इंग्लंडांत पॅनाडॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या. दोन्ही औषधें आरंभीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळत. ॲस्पिरीनप्रमाणें हें औषध पोटांत जळजळ करीत नाहीं, रक्तस्राव करीत नाहीं, हा त्याचा मुख्य गुण गायिला गेला, आणि तो खराहि होता. १९६० पासून अमेरिकेंत तें चिठ्ठीवांचून मिळूं लागलें.

याच सुमारास त्याचीं भावंडें एकेक करून पडत चाललीं. फेनासिटिनचा दुसरा अवगुण बाहेर आला. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें श्प्यूलर आणि झोलिंगर या दोघांनीं मूत्रपिंडाच्या एका चिवट रोगाकडे लक्ष वेधलें. वर्षानुवर्षें रोज डोकेदुखीच्या पुड्या खाणाऱ्यांत तो आढळत होता. त्या देशांत घड्याळांच्या कारखान्यांतून डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या बायका अशा गोळ्यांवर दिवस ढकलीत. स्वीडनमध्यें हुस्कवार्ना नांवाच्या गांवीं, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत एका डॉक्टरनें दिलेल्या फेनासिटिनच्या पुड्यांची कामगारांना इतकी संवय लागली, कीं वाढदिवसाला त्या भेट म्हणून दिल्या जात, असें सांगतात. ऑस्ट्रेलियांत गृहिणी दुपारच्या चहाबरोबर पुडी घेत. तेथें प्रिसिला किंकेड-स्मिथ या विदुषीनें या संवयीचा मूत्रपिंडांच्या नाशाशीं असलेला संबंध दाखवून दिला. एकामागून एक देशांनीं फेनासिटिन बंद केलें. अमेरिकेंत तें १९८३ सालीं बंद झालें. ॲस्पिरीनला मोठ्या माणसांच्या हृदयविकारांत पुढें मानाचें स्थान मिळालें, परंतु मुलांच्या डब्यांतून तें उठलें. सिडनीच्या डग्लस राय यानें १९६३ सालीं मुलांच्या मेंदूला आणि यकृताला एकदम ग्रासणाऱ्या एका भयंकर रोगाचें वर्णन केलें. इन्फ्लुएंझा किंवा कांजिण्यांच्या तापांत ॲस्पिरीन दिलेल्या मुलांना तो होतो असें १९८० च्या सुमारास दिसून आलें, आणि १९८६ पासून अमेरिकेंत ॲस्पिरीनच्या पाकिटांवर तसा इशारा छापणें सक्तीचें झालें. पावसाळ्यांत मुंबई-पुण्यास डेंग्यूचा ताप घरोघर फिरतो. त्यांत रक्तस्रावाचें भय असल्यामुळें ॲस्पिरीन आणि आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच द्यावें असा वैद्यांचा दंडक आहे. अशा रीतीनें अडगळींत पडलेलें धाकटें भावंड कुटुंबाचा कर्ता होऊन बसलें.

पण १९६६ सालीं एडिंबरोहून एक वाईट बातमी आली. डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अतिमात्रेनें यकृताचा नाश झालेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, त्याच वर्षीं तशीच आणखी नोंद आली. ज्या औषधाविषयीं रक्ताच्या दोषाचें भय साठ वर्षें बाळगलें, त्यानें रक्ताला कांहीं केलें नव्हतें. त्यानें घाला घातला होता तो यकृतावर. तिकडे कोणी पाहिलेंच नव्हतें. नेहमींच्या मात्रेंत यकृताला कसलाहि उपद्रव होत नसल्यामुळें पाहण्याचें कारणहि पडलें नव्हतें.

असें कां व्हावें? थोडें घेतलें तर निरुपद्रवी आणि कांहीं पट घेतलें तर प्राणघातक, या दोहोंमधील पायरी कोठली? उत्तर १९७३ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतून आलें. जेरी मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या त्या निबंधावर शेवटचें नांव होतें बर्नार्ड ब्रोडी याचें. ज्यानें पंचवीस वर्षांपूर्वीं या द्रव्याला निर्दोष ठरवून बाहेर आणलें, त्याच्याच मंडळीनें त्याचा खरा दोष उकलून दाखविला. शास्त्राच्या इतिहासांत असा योग कचित् येतो. पोटांत गेलेल्या पॅरासिटामॉलचा फार मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून मूत्रावाटे बाहेर टाकतें. शेंकडा पांच ते दहा इतक्या अंशाचें मात्र एक जहाल द्रव्य बनतें. तें यकृताच्या पेशींना चिकटलें तर त्या मरतात. पण चिकटण्यापूर्वींच ग्लुटाथायोन नांवाचा एक रक्षक पदार्थ त्याला धरतो आणि निकामी करतो. हा पदार्थ यकृताच्या कोठारांत असतो, खर्च होतो, पुन्हां भरतो. घरांत रोज दोन पाहुणे आले तर कोठीवर ताण पडत नाहीं. एकाच दिवशीं पन्नास आले तर कोठी रिकामी होते आणि एकावन्नाव्याला वाढावयास कांहीं उरत नाहीं. ही तुलना स्थूल खरी, पण या औषधाच्या मात्रेचें सारें गणित तिच्यांत आहे. मात्रेमध्यें चार तासांचें अंतर सांगतात, दिवसाची एक मर्यादा सांगतात, याचें कारण हेंच. आणि म्हणूनच जो कित्येक दिवस धड जेवलेला नाहीं, जो वाळून गेला आहे, ज्याला रोज दारू लागते, त्याची कोठी आधींच उणी असते, आणि इतरांना पचणारी मात्रा त्याला पचेल अशी खात्री देतां येत नाहीं.

कारण कळलें तसा उताराहि सुचला. कोठी रिकामी झाली असेल तर ती बाहेरून भरावी. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉटनें १९७४ सालीं सिस्टिॲमीन देऊन पाहिलें. तें लागू पडलें, पण रोग्यांना त्याचा त्रास फार होई. मग ॲसिटिलसिस्टीन पुढें आलें. कफ पातळ करण्यासाठीं तें पूर्वींपासून वापरांत होतें, आणि शरीर त्यापासून ग्लुटाथायोन घडवूं शकतें. प्रेस्कॉटनें १९७९ सालीं शंभर रोग्यांचा वृत्तांत दिला. दहा तासांच्या आंत ज्यांना हा उतारा मिळाला त्या ६२ जणांपैकीं यकृताची गंभीर हानि एकालाच झाली. दहा ते चोवीस तासांच्या दरम्यान ज्यांना मिळाला त्या ३८ पैकीं २० जणांना झाली. विषावरील उताऱ्यांच्या इतिहासांत इतकें स्वच्छ यश थोड्यांनाच लाभलें आहे.

या आंकड्यांत एक भयानक गोष्ट दडलेली आहे. पॅरासिटामॉलची अतिमात्रा झाली तर पहिल्या दिवशीं फारसें कांहीं होत नाहीं. थोडी मळमळ, एखादी ओकारी; कित्येकांना तेवढेंहि नाहीं. मनुष्य शुद्धीवर असतो, बोलतो, जेवतो, आणि घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. पोटांत उजव्या बाजूला दुखूं लागतें, डोळे पिंवळे होतात, तें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं. आणि उताऱ्याची मुख्य वेळ तर पहिल्या आठ-दहा तासांतच निघून जाते. म्हणून अतिमात्रा झाल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहतां इस्पितळ गांठणें, हा या बाबतींतला सर्वमान्य नियम आहे. रक्तांतील प्रमाण आणि गेलेले तास यांवरून धोका ठरविण्याचा रूमॅक आणि मॅथ्यू यांचा तक्ता १९७५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तो आजहि वापरांत आहे.

अतिमात्रेचीं दोन कारणें. एक अविचार. त्यासाठीं इंग्लंडनें सप्टेंबर १९९८ मध्यें एक साधा उपाय केला : सामान्य दुकानांत एका पाकिटांत १६ आणि औषधांच्या दुकानांत ३२ यांहून अधिक गोळ्या विकावयाच्या नाहींत. जो मरावयासच निघाला तो दुसऱ्या दुकानांत जाईल, असा आक्षेप घेणारे पुष्कळ होते. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन याच्या मंडळानें पुढल्या अकरा वर्षांचे आंकडे तपासले, तेव्हां इंग्लंड आणि वेल्समध्यें या औषधानें होणाऱ्या मृत्यूंत सुमारें ४३ टक्क्यांची घट दिसली. दुःखाचा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो. हाताशीं साठा नसला तर तो झटका ओसरून जातो, असेंच या आंकड्यांवरून म्हणावें लागतें.

दुसरें कारण अजाणता होणारी चूक, आणि सुशिक्षित घरांचा खरा संबंध येतो तो हिच्याशीं. अमेरिकेंत या औषधानें यकृत निकामी झालेल्या रोग्यांची २००५ सालीं जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत जवळजवळ निम्म्या रोग्यांनीं मात्रा मुद्दाम वाढविलेली नव्हती. ते दुखण्यावर उपचारच करीत होते. मोठ्या माणसाला एका वेळीं ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांमध्यें निदान चार तास, आणि चोवीस तासांत सारें मिळून ४ ग्रॅमच्या वर नाहीं, अशी मर्यादा आहे; शरीरानें हलक्या किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाला डॉक्टर याहून कमी सांगतात. आतां ताप आलेल्या एखाद्या गृहस्थाचा दिवस पाहावा. तापासाठीं ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या झाल्या. हे २,६०० मिलिग्रॅम. नाक वाहतें म्हणून सर्दीची गोळी तीन वेळां; तिच्यांतहि दर गोळीस ५०० प्रमाणें १,५०० आले. कंबर धरली म्हणून मागें कधीं आणलेल्या दुखण्याच्या दोन गोळ्या; त्यांत दुसऱ्या औषधाच्या जोडीला ३२५ प्रमाणें ६५०. बेरीज ४,७५०. तीन पाकिटें, तीन रंग, तीन नांवें. आणि गृहस्थाची समजूत अशी, कीं आपण प्रत्येक औषध बेतानेंच घेतलें. पॅरासिटामॉल हा शब्द तिन्ही पाकिटांवर असतो, पण लक्षांत राहतें तें व्यापारी नांव. कालेच्या कारखान्यानें १८८६ सालीं काढलेली युक्ति अशी अजून फळ देत आहे. चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र औषधांत एका गोळींत ३२५ मिलिग्रॅमहून अधिक पॅरासिटामॉल नसावें असें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०११ सालीं ठरविलें, तें या बेरजेकडे पाहूनच.

लहान मुलांच्या बाबतींत घोटाळा निराळा. त्यांची मात्रा वयापेक्षां वजनावर ठरते : दर किलोग्रॅमला एका वेळीं १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दिवसांतून चारांहून अधिक वेळां नाहीं. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळीं १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतात. परंतु तान्ह्यांसाठीं मिळणाऱ्या थेंबांच्या औषधांत एका मिलिलिटरमध्येंच १०० मिलिग्रॅम असतात, आणि मोठ्या मुलांच्या पातळ औषधांत तितके मिलिग्रॅम येण्यास चार मिलिलिटर लागतात. थेंबांची बाटली लहान, म्हणून तिच्यांतलें औषध सौम्य असेल, असा समज अगदीं स्वाभाविक आहे. वस्तुस्थिति उलट आहे. आईनें थेंबांच्या नळीनें मोजावयाचें, तें रात्रीं झोंपेंत वडिलांनीं चमच्यानें मोजलें, तर एका चमच्यांत पांचपट मात्रा जाते. अमेरिकेंतील उत्पादकांनीं या घोटाळ्याला कंटाळून २०११ सालीं तान्ह्यांचे जहाल थेंब बंद करून मुलांसाठीं एकच प्रमाण ठेवण्याचें जाहीर केलें. भारतांत थेंबांची बाटली, १२० किंवा १२५ चें पातळ औषध आणि २५० चें पातळ औषध, असे तिन्ही प्रकार एकाच कपाटांत शेजारींशेजारीं मिळतात. प्रत्येक बाटलीबरोबर मापाची नळी किंवा खुणा केलेलें टोपण येतें, आणि तें त्याच बाटलीपुरतें असतें.